रिकाम्या सांपळ्याची साक्ष

आपल्याकडील मीमांसकांनीं ज्ञानाच्या साधनांची गणना करतांना 'अनुपलब्धि' म्हणून एक स्वतंत्र प्रमाण मानलें आहे. जमिनीवर घट दिसत नाहीं, म्हणून येथें घट नाहीं, असें जें ज्ञान आपल्याला होतें तें या प्रमाणाचें उदाहरण. नैयायिकांना हें स्वतंत्र प्रमाण मान्य नाहीं. पण त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. भाट्टांनीं आणि त्यांच्या मागून वेदान्त्यांनीं या प्रमाणाला जी अट घातली ती मात्र लक्षांत ठेवण्यासारखी आहे. न दिसणें हें 'योग्य' असलें पाहिजे. म्हणजे वस्तु तेथें असती तर ती खात्रीनें दिसली असती, अशी परिस्थिति असली पाहिजे. काळोख्या खोलींत घट न दिसणें हा घट नसल्याचा पुरावा नव्हे. इतिहासाच्या अध्यापकाला या अटीचें स्मरण पदोपदीं ठेवावें लागतें. कारण दप्तरांत एखाद्या गोष्टीचा उल्लेख सांपडत नाहीं, तेव्हां ती घडलीच नाहीं असें म्हणून मोकळें होणें, हा आमच्या व्यवसायाला जडलेला जुना रोग आहे. परंतु ही अट विसरल्याची किंमत रोकड पैशांत आणि धान्यांत मोजावी लागते असें ज्या एका प्रकरणावरून माझ्या ध्यानांत आलें, तें प्रकरण दप्तरखान्यांतलें नसून मक्याच्या शेतांतलें आहे. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत इंचभर रुंदीच्या एका मातकट पतंगावर शंभर वर्षें जी पाळत ठेवण्यांत आली, तिची ही हकीकत आहे.

१९१७ सालच्या उन्हाळ्यांत बोस्टन शहराच्या आसपासच्या मळ्यांत स्टुअर्ट व्हिनल नांवाच्या कीटकशास्त्रज्ञाला मक्याच्या ताटांत एक अनोळखी अळी आढळली. ताट उभें चिरलें कीं आंत पोखरलेला बोगदा, बोगद्यांत भुसा, आणि भुशांत फिक्या रंगाची ही अळी. युरोपांत ती जुनीच ओळखीची होती. ह्युब्नर या जर्मन पंडितानें १७९६ सालींच तिच्या पतंगाचें नामकरण करून ठेवलें होतें. पण अमेरिकेच्या भूमीवर तिची नोंद पूर्वीं कोणीं केलेली नव्हती. ती आली कशी, याचा शोध करतां संशय एका अगदीं निरुपद्रवी मालावर गेला. केरसुण्या बांधण्यासाठीं ज्वारीच्या एका जातीचीं लांब तुऱ्यांचीं ताटें पहिल्या महायुद्धापूर्वींच्या कांहीं वर्षांत हंगेरी आणि इटली या देशांतून अमेरिकेंत येत असत. त्या ताटांच्या पोटांत बसून ही पाहुणी समुद्र ओलांडून आली असावी, असें मत रूढ झालें. घर झाडण्याच्या साधनाबरोबर घरांत कीड यावी, हा योग मोठा चमत्कारिक खरा.

मका हें अमेरिकेंत माणसांच्या ताटांत थोडें आणि डुकरांच्या व गुरांच्या गव्हाणींत पुष्कळ जाणारें धान्य आहे. ओहायोपासून नेब्रास्कापर्यंत पसरलेला मधला सुपीक पट्टा 'मक्याचा पट्टा' या नांवानेंच ओळखला जातो, आणि त्या देशांतील मांस, दूध व लोणी यांचा भाव शेवटीं त्या पट्ट्यांतील कणसांवर ठरतो. बोस्टनजवळ सांपडलेली अळी तेथवर पोंचली तर काय होईल, या कल्पनेनें वॉशिंग्टनच्या कृषि-खात्याची झोंप उडाली. १९१९ सालीं ती न्यूयॉर्क संस्थानांत आढळली. त्याच्या पाठोपाठ कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत, आणि १९२१ सालीं ईरी सरोवराच्या कांठानें ओहायो व मिशिगन येथें. १९२६ सालीं ऑन्टारिओच्या दक्षिण टोंकाकडील परगण्यांत मक्याचीं शेतेंच्या शेतें मोडून आडवीं झालीं. मोडलेलें ताट, ओघळलेलें कणीस, आणि शेजारच्या संस्थानांतून तें पाहावयास आलेले शेतकरी. तेव्हां मग जें व्हावयाचें तें झालें. सरकारनें युद्ध पुकारलें.

युद्ध हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाहीं. १९२७ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या विधिमंडळानें या एका किड्याच्या पारिपत्यासाठीं एक कोटी डॉलर मंजूर केले. त्या काळीं एखाद्या कीटकावर इतकी रक्कम खर्च करणें ही अपूर्व गोष्ट होती. योजना दिसावयास तर्कशुद्ध होती. अळी हिंवाळा काढते तो मक्याच्या वाळल्या ताटांत आणि धसकटांत; तेव्हां वसंतांत पतंग बाहेर पडण्यापूर्वीं ओहायो, मिशिगन, इंडियाना, पेन्सिल्व्हेनिया व न्यूयॉर्क या पांच संस्थानांतील बाधित मुलखांत एकूण एक धसकट उपटावें, कुटावें, गाडावें किंवा जाळावें, म्हणजे शत्रु घरांतच भस्म होईल. सुमारें २५ लाख एकर जमिनीवर ही झाडाझडती झाली. तपासनीस शेतोंशेतीं फिरूं लागले. धसकटें जमिनीलगत कापणारीं व त्यांचा चुरा करणारीं यंत्रें आलीं. शेतकऱ्याला जादा श्रमाबद्दल मोबदला देण्याची तजवीज होती, पण काम करावयाचें कीं नाहीं हें ठरविण्याची मुभा त्याला नव्हती. त्यानें कुचराई केल्यास सरकारी माणसें येऊन तें काम उरकीत. सडकांवर चौक्या बसल्या आणि सहलीहून परतणाऱ्या कुटुंबांच्या मोटारी अडवून त्यांतलीं कणसें जप्त होऊं लागलीं. ज्या देशांत आपल्या कुंपणाच्या आंत सरकारचें पाऊल पडलें कीं शेतकऱ्याच्या कपाळाला आठी चढते, त्या देशांत हें सारें घडलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे भीति किती खोल गेली होती याचा अंदाज येतो.

निष्पत्ति काय? किडीची वाढ कांहीं अंशीं मंदावली, प्रसार थांबला नाहीं. तसली दुसरी मोहीम पुन्हां निघाली नाहीं, आणि १९३२ सालीं मध्यवर्ती सरकारनें नाकेबंदीचा हुकूमहि मागें घेतला. १९३९ सालीं ही अळी इलिनॉय संस्थानांत होती, १९४२ सालीं आयोवांत, म्हणजे पट्ट्याच्या ऐन काळजांत; आणि १९४९ च्या हंगामांत तिनें एकूण तीस कोटी बुशेलांहून अधिक मका खाल्ला असा सरकारी अंदाज झाला. मोहिमेच्या पुरस्कर्त्यांना नांवें ठेवणें आज सोपें आहे. ते अज्ञ नव्हते. कॅफ्री नांवाच्या संशोधकाच्या देखरेखीखालीं मॅसॅच्युसेट्समध्यें या किडीचा जो अभ्यास चालला होता तो त्या काळच्या मानानें उत्तम होता. त्यांची चूक निराळीच होती. एक मादी सुमारें चारशें अंडीं घालते. शंभरांतील पंचाण्णव अळ्या जाळल्या तरी उरलेल्या पांचांचा हिशेब पुढच्या हंगामांत पुन्हां पहिल्या पदावर येतो, आणि पंख असलेल्या प्राण्याला सडकेवरची चौकी लागत नाहीं. शत्रूला मारण्याची साधनें सरकारजवळ भरपूर होतीं. तो कोठें आहे, किती आहे आणि नेमका केव्हां उघड्यावर येतो, हें सांगणारें साधन मात्र नव्हतें.

या 'केव्हां'चें महत्त्व समजण्यासाठीं अळीचा दिनक्रम थोडा पाहावा लागतो. उन्हाळ्याच्या आरंभीं पतंग बाहेर पडतात. मादी रात्रीं मक्याच्या पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेजवळ, पंधरावीस ते तीस अंड्यांचा पुंजका घालते. माशाच्या खवल्यांप्रमाणें अंडीं एकावर एक चढलेलीं असतात. आठवड्याभरांत त्या पांढुरक्या पुंजक्यावर काळे ठिपके दिसूं लागतात. तीं आंतल्या अळ्यांचीं डोकीं. मग अळ्या बाहेर पडतात, पोंग्यांत शिरतात, कोंवळीं पानें खरवडतात. पान उलगडलें कीं त्यावर छर्रे मारल्यासारखीं भोंकांची रांग दिसते. दहाएक दिवस असे गेले कीं अळी पानाची शीर पोखरते आणि तेथून ताटांत उतरते. एकदां ती ताटांत उतरली म्हणजे वर कितीहि विष ओता, तें ताटाला अंघोळ घालण्यासारखें आहे. शेतकऱ्याच्या हातीं येते ती अंडें फुटण्यापासून ताटांत शिरेपर्यंतची तेवढी मुदत. १९४० नंतर डी. डी. टी. सारखीं जालीम औषधें निघालीं तरी ही मुदत एका दिवसानेंहि लांबली नाहीं. उलट औषध महाग आणि मारक, म्हणून वेळ चुकण्याचा दंड वाढला.

तेव्हां मोजणाऱ्यांचे दिवस आले. यांत दिमाख कांहीं नाहीं. कृषि-विद्यालयाचा एखादा विद्यार्थी सुट्टींत पगारावर राहतो, सकाळच्या दंवांत शेतांत शिरतो, बांधापासून बराच आंत जाऊन एका जागीं वीस ताटें पाहतो, तेथून दुसरीकडे वळून आणखी वीस. अशीं पांच ठिकाणें झालीं कीं शंभर ताटें होतात. पान उलटावयाचें, पुंजके मोजावयाचे, पोंगा उकलून आंत जिवंत अळी आहे कीं नुसतीच भोंकें आहेत हें पाहावयाचें, आणि वहींत आंकडा लिहावयाचा. बांधाजवळचींच ताटें मोजून परतणाऱ्याचा आंकडा खोटा ठरतो. कारण कडेचें पीक आणि आंतलें पीक यांचें नशीब सारखें नसतें. शरदांत पुन्हां तेंच काम, पण ताटें चिरून. हिंवाळ्यांत किती अळ्या जाणार हें त्यावरून कळतें. दुसरी मोजणी थर्मामीटरची. फ्रान्समधील रेओमूर या शास्त्रज्ञानें १७३५ सालींच असें मांडलें होतें कीं, झाडाच्या किंवा किड्याच्या वाढीचा हिशेब दिवसांच्या संख्येवर न करतां रोज मिळालेल्या उष्णतेच्या बेरजेवर करावा. या पतंगाच्या बाबतींत दहा अंश सेंटिग्रेडच्या वर जेवढी उब मिळेल तेवढी जमेस धरतात. ती बेरीज ठराविक आंकड्याला पोंचली कीं पतंग निघण्याची वेळ झाली. पंचांगांत नक्षत्र पाहून पेरणीला उठणाऱ्या आपल्या कुणब्याला ही रीत समजावून देण्यास फार वेळ लागूं नये. कालमापन निसर्गाच्या आंकड्यावर चालतें हें त्याला ठाऊकच आहे. फरक इतकाच कीं, येथें आकाशाऐवजीं पाऱ्याची नळी पाहावयाची.

उब पतंगाची वेळ सांगते, संख्या सांगत नाहीं. त्यासाठीं शेताजवळ रात्रभर दिवा लावून ठेवण्याची युक्ति निघाली. पतंग दिव्याला भुलतो हें संस्कृत कवींनीं इतक्या वेळां सांगितलें आहे कीं, त्यावरून कोणी शास्त्रज्ञ सांपळा करील असें वाटू नये. पण दिव्याखालीं गळणें व डबा बसवून तो केलाच. त्याचा दोष असा कीं, दिव्याला भुलणाऱ्यांत जातिभेद नाहीं. सकाळीं डबा उघडावा तों भुंगे, तुडतुडे, टोळ आणि शेंकडों जातींचे पतंग यांची खिचडी. त्यांतून हवे ते नर आणि माद्या वेचून काढण्यांत दुपार जाते.

आणि याच सुमारास एका दुसऱ्याच दिशेनें चाललेला शोध मक्याच्या बांधावर येऊन पोंचला. दक्षिण फ्रान्समध्यें फाब्र या वृद्ध निरीक्षकाच्या घरीं एके दिवशीं मोरपिसारी पतंगाची एक मादी कोशांतून बाहेर आली. तिला त्यानें जाळीच्या टोपलीखालीं ठेवलें, आणि रात्रीं त्या मादीसाठीं चाळीसएक नर खिडक्यांतून घरांत घुसले. हा प्रसंग त्यानें १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागांत वर्णिला आहे. मादीला कांचेच्या घट्ट झांकणाखालीं ठेवलें कीं एकहि नर येत नसे. कांहींतरी हवेंतून जातें, एवढें त्यावरून उघड झालें. तें काय, हें कळावयास १९५९ साल उजाडलें. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यानें सुमारें पांच लाख रेशमी पतंगांच्या माद्यांपासून वीस वर्षांच्या खटपटीनें तो गंध अलग काढला. त्याचें प्रमाण इतकें अल्प कीं, पांच लाख माद्यांपासून कांहीं मिलिग्रॅम. योगायोग असा कीं, त्याच १९५९ सालीं कॅलिफोर्नियांत स्टर्न आणि त्याचे तीन सहकारी यांनीं एक निबंध लिहून सांगितलें कीं, शेतांत कीड दिसली म्हणून औषध मारूं नये. तिची संख्या अमुक मर्यादा ओलांडील, होणारें नुकसान औषधाच्या खर्चाहून जड होईल, तेव्हांच मारावें. एकीकडे मर्यादा ठरली, दुसरीकडे मोजण्याचें साधन हातीं आलें. मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यांत आज 'कामगंध सांपळा' हा जो शब्द सहज येतो, त्याचें कुळ हें.

१९७० सालीं आयोवा संस्थानांत क्लन आणि ब्रिंडली या दोघांनीं मक्याच्या पतंगाचा गंध ओळखला. चौदा कर्ब-परमाणूंची सांखळी, तिच्या अकराव्या दुव्यावर एक जोडबंध, टोंकाला सिरक्याच्या आम्लाचा अंश. असला साधा पदार्थ. प्रयोगशाळेंत तो बनविणें सोपें. रबराच्या बुचांत थेंबभर घालून जाळीच्या शंकूखालीं टांगावा, म्हणजे नर येऊन अडकतात. दुसरी कोणतीहि जात सहसा फिरकत नाहीं. भुंग्यांची खिचडी निवडण्याचा त्रास संपला. आतां सर्व संस्थानांतून असे सांपळे टांगावे, सकाळीं मोजावे, आणि औषधाचा दिवस ठरवावा. यांत चुकण्यासारखें काय होतें?

चुकलें तें न्यूयॉर्कमध्यें. तेथें जिनीव्हा नांवाचें गांव आहे. स्वित्झर्लंडांतलें नव्हे, जुन्या जगांतील नांवें उचलून नव्या जगांत टांकण्याची त्या लोकांना हौस आहे. तेथील कृषि-संशोधन केंद्रांत रोलोफ्स आणि त्याचे सहकारी याच पतंगावर काम करीत होते. आयोवाच्या गंधाला न्यूयॉर्कच्या त्या शेतांतले नर ढुंकून पाहीनात. शेतांत अळ्या, ताटांत बोगदे, आणि सांपळा रिकामा. तपासाअंतीं असें ठरलें कीं, न्यूयॉर्कच्या माद्या तोच पदार्थ सोडतात, पण त्यांतल्या जोडबंधाचें वळण उलट दिशेला असतें. परमाणु तेच, संख्या तीच, क्रम तोच. फक्त एका दुव्यापाशीं सांखळी डावीकडे मुरडावयाची ती उजवीकडे मुरडते. रसायनशास्त्रज्ञ या दोन रूपांना 'झेड' आणि 'ई' म्हणतात. आपल्या लेखनांत 'दिन' आणि 'दीन' यांत जेवढें अंतर, तेवढेंच हें. आणि दिवस व दरिद्री यांच्या अर्थांत जेवढें अंतर, तेवढेंच नरांच्या वागण्यांत पडतें.

बरें, गोष्ट एवढ्यावर थांबली नाहीं. १९७३ सालीं क्लन व इतर कांहीं जणांनीं दाखविलें कीं, शुद्ध 'झेड' हाहि नापास. आयोवाच्या मादीच्या गंधांत शंभरांत सत्त्याण्णव भाग 'झेड' आणि तीन भाग 'ई' असतो. तो तीन भागांचा डाग काढून टांकला तर नराचें मन विटतें. स्वयंपाकांत चिमूटभर मीठ विसरल्यासारखें. न्यूयॉर्कच्या दुसऱ्या कुळांत हें प्रमाण नेमकें उलटें, जवळजवळ सारा 'ई' आणि चिमूटभर 'झेड'. दोन्ही कुळांचे पतंग एकमेकांपासून डोळ्यांनीं ओळखूं येत नाहींत. एकाच शेतांत राहतात, एकाच ताटावर वाढतात, आणि सोयरीक क्वचितच करतात. पुढील काळांत न्यूयॉर्क संस्थानांत एकूण तीन कुळें निश्चित झालीं: वर्षाला एकच पिढी देणारें 'झेड', दोन पिढ्या देणारें 'झेड', आणि दोन पिढ्या देणारें 'ई'.

येथें जुन्या पाहणाऱ्यांना न्याय दिला पाहिजे. बोस्टनजवळ या अळीच्या वर्षाला दोन पिढ्या होतात आणि सरोवरांच्या कांठीं एकच होते, ही गोष्ट १९२० च्या सुमारासच वहींत उतरलेली होती. हवामानानें तिचा उलगडा पुरता होत नव्हता, म्हणून इटलींतून आलेलें एक घराणें आणि हंगेरींतून आलेलें दुसरें, असा तर्क तेव्हांच कोणी कोणी बोलून दाखवीत. केरसुणीच्या ज्वारीनें एकच पाहुणी आणली नसून निदान दोन घराणीं आणलीं असावींत, हा तर्क गंधाच्या शोधानंतर पुष्कळच बळकट झाला. वह्यांतले आंकडे पन्नास वर्षें गप्प राहिले, एवढेंच. २०१० सालीं माद्यांच्या शरीरांत या गंधाचें प्रमाण ठरविणारा गुणबीजाचा अंश ओळखला गेला, आणि २०२१ सालीं नरांची आवड ठरविणारा. दोन्ही निरनिराळे आहेत. बोलणाऱ्याची वाणी आणि ऐकणाऱ्याचा कान इतक्या निरनिराळ्या ठिकाणीं लिहिलेले असून मेळ बसतो कसा, हें कोडें शास्त्रज्ञांना अजून गुंतवून ठेवतें.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें या प्रकरणाचा अर्थ सरळ आणि कठोर होता. रिकामा सांपळा पाहून जो स्वस्थ बसला, त्याचा मका अळीनें खाल्ला. सांपळा खोटें बोलला नव्हता. 'मला साद घालतां येते असा नर येथें नाहीं' एवढेंच तो म्हणाला. 'येथें पतंग नाहीं' हें वाक्य मालकानें पदरचें जोडलें. मीमांसकांची अट येथें मोडली होती: नर तेथें होता, पण त्या गंधाला दिसण्याजोगा नव्हता. म्हणून आजहि ज्या संस्थानांत दोन्ही कुळें नांदतात तेथें शेताच्या कडेला दोन सांपळे टांगतात, एक 'झेड'चा आणि एक 'ई'चा, आणि आंकडे वेगळे लिहितात. कडेला म्हणजे मक्यांत नव्हे, तर बांधावरच्या दाट गवतांत. १९७६ च्या सुमारास आयोवांत शॉवर्स व इतरांनीं दाखविलें कीं, हे पतंग दिवसां मक्यांत राहतच नाहींत. दंवानें ओलसर अशा गवतांत ते गोळा होतात, तेथेंच त्यांचीं लग्नें लागतात, आणि मादी तेवढी रात्रीं अंडीं घालण्यापुरती पिकांत जाते. ज्यांनीं भर शेतांत सांपळा उभारला त्यांनीं वऱ्हाड धर्मशाळेंत उतरलें असतां वाड्यांत पाहुणे मोजले. आणि सांपळ्यांत सांपडतात ते सारे नर. अंडीं माद्या घालतात. तेव्हां सांपळ्यानें तारीख कळली, तरी पान उलटून पुंजके मोजल्यावांचून औषधाचा निर्णय करूं नये, असें अनुभवी लोक सांगतात तें यामुळें.

या कंटाळवाण्या मोजणीचा सर्वांत मोठा उपयोग ती करणाऱ्यांच्या स्वप्नींहि नव्हता. १९९६ सालीं अमेरिकेंत 'बीटी' मका आला; एका जंतूचा विषारी गुण त्याच्या अंगींच भिनविलेला असल्यामुळें अळीनें ताट खाल्लें कीं ती मरते. त्याचें बियाणें महाग. तें घेणाऱ्याचा फायदा किती आणि न घेणाऱ्याचा किती, असा वाद निघाला. त्याचा निकाल १९४० नंतर निरनिराळ्या संस्थानांत पिढ्यान्-पिढ्या चालूं ठेवलेल्या शरदांतल्या मोजणीच्या वह्यांनीं आणि दिव्याच्या सांपळ्यांच्या नोंदींनीं लागला. २०१० सालीं हचिसन व त्याचे सहकारी यांनीं हे जुने आंकडे लावून दाखविलें कीं, इलिनॉय, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा व नेब्रास्का या पांच संस्थानांत चौदा वर्षांत सुमारें ६९० कोटी डॉलरांचा लाभ झाला, आणि त्यांतील ४३० कोटींच्या आसपास लाभ ज्यांनीं तें बियाणें पेरलेंच नाहीं त्यांच्या पदरांत पडला. मादी अंडीं घालतांना बियाण्याची जात विचारीत नाहीं; विषारी मक्यावर घातलेलीं अंडीं वायां गेलीं, आणि शेजाऱ्याच्या शेतांत पुढल्या वर्षीं पतंगच कमी आले. शेजाऱ्याच्या औदार्याचा असा हिशेब जगांत क्वचितच झाला असेल! पण मला त्याहून महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, आतां सांपळे पुन्हां रिकामे राहूं लागले, तेव्हां तें रिकामेपण खरें कीं १९७० चें, हें सांगतां आलें. गंध योग्य होता, जागा योग्य होती, आणि त्याच शेतांत पूर्वीं किती सांपडत याची नोंद हातांत होती. घट दिसत नव्हता, आणि खोलींत उजेड होता.

उजेड कायमचा राहत नाहीं. २०१८ सालीं कॅनडांतील नोव्हा स्कॉशिया प्रांतांत अशा विषारी मक्याच्या एका प्रकारावर अळ्या धडधाकट जगत असल्याचें आढळलें. बियाण्याच्या पिशवीवरील हमीवर विसंबून शेतांत जाणेंच सोडलें असतें तर तें आणखी कांहीं वर्षें कोणाला कळलेंहि नसतें.

त्याच २०१८ सालीं ही हकीकत आपल्या दाराशीं आली; अळी मात्र दुसरी. अमेरिकन लष्करी अळी म्हणून आतां जी आपल्याकडे सर्वश्रुत आहे तिचें वर्णन जॉन ॲबट याच्या चित्रांसह १७९७ सालीं लंडनमध्यें छापलें गेलें होतें, आणि तिच्या लॅटिन नांवाचाच अर्थ पीक बुडविणारी असा आहे. दोनशें वर्षांहून अधिक काळ ती अमेरिकाखंडांत राहिली. २०१६ सालीं पश्चिम आफ्रिकेंत प्रकटली. आणि २०१८ च्या मेमध्यें कर्नाटकांत शिवमोग्ग्याच्या मक्यावर सांपडली. वर्ष संपण्यापूर्वीं महाराष्ट्रांत मक्यावर आणि उसावरहि ती होती. आफ्रिकेंत टोगो देशांत सांपळे लावून पाहणाऱ्यांना एक नवीनच अडचण आली. तेथें सांपळे रिकामे नव्हते. भरत होते, पण त्यांत या पतंगाबरोबर त्याच्यासारखाच दिसणारा दुसऱ्याच जातीचा एक स्थानिक पतंगहि येई. न्यूयॉर्कला साक्षीदार मुका निघाला. येथें तोतया साक्षीदार बोलूं लागला. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचें प्रकरण ज्यांनीं वाचलें असेल त्यांना, नुसत्या चेहऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची कशी त्रेधा उडते, हें सांगावयास नको.

महाराष्ट्रांत या कामाची कांहीं पूर्वतयारी होती. २००८ सालीं विदर्भ-मराठवाड्यांत सोयाबीनवर पानें खाणाऱ्या अळीचा जो कहर झाला, त्यानंतर २००९ पासून सरकारी कृषि-खात्यानें आणि कृषि-विद्यापीठांनीं मिळून पीक-पाहणीची एक योजना सुरू केली. तींत पाहणी करणारे आठवड्याच्या आठवड्याला कांहीं ठरलेल्या शेतांत आणि कांहीं वाटेंत येतील त्या शेतांत जाऊन किडी मोजतात. पुढें मकाहि त्या यादींत आला. मक्याच्या शेतांत त्यांना पान उलटून केंसाळ लव पांघरलेला अंड्यांचा पुंजका शोधावा लागतो. पोंगा उकलून भुशासारख्या विष्ठेखालची अळी काढावी लागते. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षराची खूण, आणि शेंपटाकडील भागावर चौकोनांत बसविलेले चार काळे ठिपके आहेत कीं नाहींत हें पाहावें लागतें. मग कामगंध सांपळ्यांतले पतंग कागदावर ओतून, ज्यांच्या पुढच्या पंखाच्या टोंकाजवळ पांढरा तिकोनी डाग आहे ते एका बाजूला, आणि नाहीं ते दुसऱ्या बाजूला.